फर्नेसचे व्हेंट बर्फात बुजू नयेत म्हणून (कॅनडा आणि उत्तर अमेरिका)

थंडगार

बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्या, गॅस फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. घराच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप, म्हणजे व्हेंट, बाहेर आलेले असतात: एक फर्नेसला हवा आणतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. पहिलं हिमवादळ येईपर्यंत त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. त्यांची माहिती एका जागी असावी.

प्रश्न असे: कोणता पाइप कशाचा? जमिनीपासून किती उंच हवेत? बुजले तर फर्नेस नुसती बंद पडते की घरात विषारी वायू येतो? उंची कमी असेल तर वाढवता येते का? जाणकारांनी कृपया आकड्यांसकट लिहावं. टाउनहाऊसवाल्यांनी स्नोप्लाऊबद्दलही (बर्फ ढकलणारी गाडी) लिहा.

एल्बो_नव्वद

पाइपांपासून सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

भिंतीतून बाहेर आलेले प्लॅस्टिकचे पाइप म्हणजे कंडेन्सिंग फर्नेस, ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेची. कॅनडात २००९च्या अखेरीपासून नव्या गॅस फर्नेसला किमान ९० टक्के एएफयूई (वर्षभराची इंधन-कार्यक्षमता) सक्तीचं झालं आणि जुलै २०१९पासून ९५, म्हणून तिथल्या नव्या घरांत दुसरं काही दिसतच नाही. या फर्नेसच्या धुरातली उष्णता इतकी काढून घेतलेली असते की बाहेर पडताना तो साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअसचाच उरतो. असा धूर स्वतःहून चिमणीत वर चढत नाही, त्याला इन्ड्यूसर नावाचा छोटा पंखा ढकलतो. गरम नाही म्हणून प्लॅस्टिकचा पाइप चालतो, आणि पंखा ढकलतोय म्हणून तो छतापर्यंत न नेता बेसमेंटच्या वरून सरळ आडवा बाहेर काढला तरी चालतो. बिल्डरला हे स्वस्त पडतं. व्हेंट बर्फाच्या पातळीवर आला तो यामुळेच.

ओळखायचा कसा? फर्नेस चालू असताना ज्यातून ओलसर वाफ निघते तो एक्झॉस्ट. ज्याचं तोंड बहुधा खाली वळवलेलं असतं आणि ज्याच्यापुढे टिश्यूपेपर धरला तर आत ओढला जातो तो इनटेक. भिंतीवर एकच जाडसर टोपी असेल तर तो कॉन्सेन्ट्रिक व्हेंट, म्हणजे नळीत नळी; हवा बाहेरच्या कड्यातून आत जाते आणि धूर मधून बाहेर येतो. बाहेर एकच साधा पाइप असेल तर ती फर्नेस जळणासाठी हवा बेसमेंटमधूनच घेते. ही शेवटची जात नीट लक्षात ठेवा, सीओच्या (कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू) दृष्टीने ती वेगळी वागते.

उंची: कोडची किमान मर्यादा जमिनीपासून १२ इंच. पण फर्नेसच्या मॅन्युअलमध्ये बहुधा "अपेक्षित बर्फाच्या पातळीपासून १२ इंच" असं असतं. या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच जानेवारीत अंगावर येतो. सप्टेंबरमध्ये उघड्या मातीपासून १२ इंच मोजून पाइप काढतात. मग लॉन येतं, वाफा येतो, मल्च येतो, आणि १२चे ८ होतात. टेप घेऊन एकदा आजच मोजा. मोजायचं पाइपाच्या खालच्या कडेपासून, मध्यापासून नाही.

लेकइफेक्ट

एल्बोंच्या पोस्टला पुरवणी. अपेक्षित पातळी म्हणजे मोसमाची बेरीज नव्हे. बफेलोची वर्षाची सरासरी ९५ इंचांच्या आसपास आहे, म्हणून कोणी आठ फुटांवर व्हेंट काढत नाही. बर्फ दबतो, मध्ये वितळतो. आपल्याला बघायचंय की *त्या भिंतीपाशी* एका वेळी किती साचतो.

आणि भिंतीपाशी साचणं हे बर्फ किती पडला यापेक्षा वारा कुठून आला यावर जास्त असतं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला वेग पडतो आणि बर्फ तिथे टाकला जातो. त्यामुळे अंगणात १० इंच असताना त्या भिंतीला ४० इंचांचा ढीग लागलेला असू शकतो. दोन भिंती जिथे आतल्या कोपऱ्यात मिळतात, गराज जिथे पुढे आलेलं असतं, कुंपण आणि घर यांच्यातली चिंचोळी बोळ, या नेहमीच्या जागा. ज्या भिंतीला वारा थेट आदळतो तिथे उलट बऱ्याचदा पायाशी खळगा राहतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात ८० इंच पडला. असल्या वेळी कोणत्याही शहाण्या उंचीचा व्हेंट बुजणारच. तिथे फावडंच, आणि तेही वादळ चालू असताना. थांबल्यावर साफ करू म्हणणं महागात पडतं. ताशी दोन-तीन इंच पडत असेल तर दर दोन तासांनी खिडकीतून बघा. व्हेंट खिडकीतून दिसत नसेल तर त्याच्या शेजारी ड्राइव्हवेला लावतात तसली नारिंगी फायबरग्लासची काठी रोवून ठेवा, जमीन गोठायच्या आत. बर्फाखाली पाइप नेमका कुठे आहे हे कळायला आणि अंधारात फावड्याने तो फोडायचं टाळायला याहून स्वस्त उपाय नाही.

थंडगार

उत्तम. बुजल्यावर घरात काय दिसतं? नुसतं गार होतं की आधी काही इशारा मिळतो?

एल्बो_नव्वद

फर्नेस सुरू होण्याचा क्रम सांगतो, म्हणजे बिघाड कुठे दिसतो ते कळेल. थर्मोस्टॅट मागणी करतो, इन्ड्यूसर फिरतो, त्याने तयार झालेल्या दाबाच्या फरकाने प्रेशर स्विच जुळतो, मग इग्नायटर लाल होतो, गॅस सुटतो, ज्योत पेटते, फ्लेम सेन्सरला ती दिसते आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास मोठा ब्लोअर चालू होतो.

व्हेंट बुजला की हा क्रम प्रेशर स्विचच्या पायरीवर अडकतो. इन्ड्यूसरची घरघर ऐकू येते, पण पुढे इग्नायटर लाल होतच नाही. थोडा वेळ थांबून फर्नेस पुन्हा प्रयत्न करते. काही फसलेल्या प्रयत्नांनंतर लॉकआउटमध्ये जाते, म्हणजे प्रयत्नच थांबवते. मॉडेलप्रमाणे तासाभराने किंवा तीन तासांनी स्वतःच पुन्हा बघते. अर्धवट बुजला असेल तर चित्र वेगळं. पेटते, दोन-चार मिनिटं चालते, बंद पडते, परत पेटते. घर थंड होत जातं, पण फर्नेस "चालू" असल्यासारखी वाटते, आणि हेच जास्त फसवं.

पॅनलमधल्या छोट्या काचेतून बोर्डावरचा दिवा बघा. कॅरियर आणि ब्रायंटच्या बऱ्याच मॉडेलांत ३१ म्हणजे प्रेशर स्विच, गुडमनमध्ये तीन वेळा लुकलुकणं. बाकी कंपन्यांचे कोड दाराच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर असतात; त्याचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. कोड प्रेशर स्विचचा आला म्हणजे स्विचच बिघडलाय असं नाही. स्विच आपलं काम करतोय. दहा वेळा तपासलं तर बहुतेक वेळा कारण बाहेर, नाहीतर कंडेन्सेटच्या (गार झालेल्या धुरातून सुटणारं पाणी) ट्रॅपमध्ये सापडतं. ट्रॅप तुंबला की पाणी इन्ड्यूसरपर्यंत चढतं आणि तोच कोड येतो. बाहेर दोन्ही पाइप स्वच्छ असतील तर पुढचा संशय तिथे.

रीसेट: थर्मोस्टॅट ऑफ, फर्नेसच्या बाजूचा लाइटच्या बटणासारखा स्विच ऑफ, बाहेर जाऊन व्हेंट साफ, परत येऊन स्विच ऑन, शेवटी थर्मोस्टॅट. हाच क्रम. बाहेर बर्फ तसाच ठेवून पुन्हा पुन्हा रीसेट मारू नका.

आणि व्हिडिओ बघून प्रेशर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडायचा उद्योग कोणीही करू नये. धूर बाहेर जातोय की नाही हे बघणारा तो एकमेव पहारेकरी आहे. त्याला बाजूला केलं की बंद व्हेंटवर गॅस जळत राहतो.

दक्ष

सीओबद्दल मी लिहिते, कारण "आमची फर्नेस सीलबंद आहे, आपोआप बंद पडते, काळजी नाही" हे वाक्य या विषयात फार फिरतं.

दोन पाइपांची फर्नेस आणि नीट चालणारा प्रेशर स्विच असेल तर पूर्ण बुजलेल्या व्हेंटने बहुधा फर्नेस थांबते, हे खरं. पण घरात व्हेंट असलेलं उपकरण ते एकटंच नसतं. पॉवर व्हेंटचा वॉटर हीटर, टँकलेस हीटर, गॅस फायरप्लेस, वाळवणारा गॅस ड्रायर, प्रत्येकाचा पाइप वेगळा. शिवाय एक्झॉस्ट अर्धवट बुजून धूर इनटेकमध्ये परत ओढला गेला तर ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो आणि जळण बिघडतं. स्विचला दाब ठीक दिसतो, म्हणून तो काही बोलत नाही. एकपाइपी फर्नेस असेल तर बेसमेंटमधली हवाच खाल्ली जाते, तिथे धोका जास्त.

मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारी २००५च्या हिमवादळात प्लिमथ गावी हीटिंगचा व्हेंट बर्फाने बुजला आणि सात वर्षांची मुलगी सीओने गेली. तिच्या नावाचा "निकोल्स लॉ" २००६ मध्ये लागू झाला, घरोघरी सीओ अलार्म सक्तीचे झाले. त्या राज्यात भिंतीतल्या व्हेंटच्या वर, जमिनीपासून आठ फुटांवर, "खाली गॅस व्हेंट आहे, मोकळा ठेवा" अशी कायमची पाटी लावावी लागते. बाकी ठिकाणी सक्ती नसली तरी पाटी लावायला कोणी अडवत नाही. बर्फ काढायला येणारा माणूस दर वर्षी नवा असतो, त्याला ती उपयोगी पडते.

अलार्मबद्दल एक गैरसमज. अमेरिकी मानकानुसार अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग सीओ) एक ते चार *तासांच्या* दरम्यान वाजतो, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो वाजला नाही याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा नाही. आकडा दाखवणारा अलार्म घ्या. शून्याऐवजी दुसरा आकडा दिसायला लागला की कोणी न सांगता व्हेंट बघायला जाल. प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांबाहेर एक. बेसमेंट भाड्याने दिलं असेल तर तिथे वेगळा हवाच, कारण फर्नेस त्यांच्या भिंतीपलीकडे असते आणि वरचा अलार्म त्यांना बंद दारातून ऐकू जात नाही.

चार बीप, थोडी शांतता, परत चार बीप, म्हणजे सीओ. सगळे बाहेर, बाहेरून ९११. खिडक्या उघडत बसू नका, कारण शोधू नका. मिनिटाला एक टुक असा आवाज म्हणजे बॅटरी संपली किंवा अलार्मचं वय झालं. मागे तारीख असते, मॉडेलप्रमाणे ७ ते १० वर्षं.

गोठणेकर

आता फावड्याचं.

प्लॅस्टिकचं फावडं वापरा, धातूचं नको. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतो, एका टोल्यात कड फुटते. पाइपापासून फूटभर अंतरापर्यंत फावडं, तिथून पुढे झाडू किंवा हातमोजा घातलेला हात.

किती साफ करायचं? सगळीकडून तीन फूट. पण बरेच जण इथे चूक करतात ती अशी, की पाइपाभोवती विहीर खणतात. चारी बाजूंनी बर्फाची भिंत, मध्ये पाइप. एक्झॉस्टची वाफ त्या विहिरीत कोंडते आणि शेजारच्या इनटेकने तीच परत ओढली जाते. मग इनटेकच्या तोंडाशी आतून हिमकण धरतात आणि साफ केल्यानंतर तासाभरात फर्नेस परत बंद! त्यामुळे विहीर नको, पाट हवा. व्हेंटच्या समोरून वाऱ्याच्या दिशेने किमान एक बाजू पूर्ण उघडी, जमिनीपर्यंत. वर काढलेला बर्फ समोर नाही, बाजूला दूर टाका, म्हणजे पुढच्या वाऱ्याला परत तिथेच आणून टाकायला साठा मिळत नाही.

स्नोब्लोअरचं तोंड भिंतीकडे कधीच नको. ओला, दाबलेला बर्फ थेट पाइपात भरला जातो, आणि तो आत दोन फुटांवर असेल तर बाहेरून दिसतही नाही. छतावरून बर्फ घसरणारी बाजू असेल तर रूफ रेकने आधी छताची कड साफ करा, *मग* व्हेंट. उलट क्रमाने केलं तर काम दुप्पट.

उकळतं पाणी ओतू नका. पाइपाला तडा जाऊ शकतो आणि पाणी दहा मिनिटांत तिथेच गोठतं. मीठही नको, शेजारी गॅस मीटर असतो.

फळकूट

एक सूचना. व्हेंटवर प्लायवूडचं तिरकं छप्पर किंवा तीन बाजूंची पेटी ठोकली तर बर्फ अडेल ना? खर्च जवळजवळ नाही.

एल्बो_नव्वद

नको. पेटी म्हणजे गोठणेकरांनी सांगितलेली विहीरच, फक्त लाकडाची आणि बारमाही. धूर आत फिरतो, लाकडावर वाफ गोठते, आणि मॅन्युअलमधली सगळी अंतरं मोडतात. बादली उलटी टांगणं, एक्झॉस्टच्या तोंडावर खाली वळणारा एल्बो (पाइपाचा वळणाचा तुकडा) लावणं, तेही नको. खाली तोंड केलं की वाफ सायडिंगला लागून बर्फाचा थर धरतो.

खरा उपाय पाइप उंच करणं. भिंतीबाहेर आलेल्या पाइपाला ९० अंशांचा एल्बो लावून वर न्यायचा आणि वर पुन्हा ९०चा एल्बो लावून बाहेर वळवायचा; याला स्नॉर्केल म्हणतात. इनटेकही सोबत उंच करायचा, तिथे वर आणखी एक वळण देऊन तोंड खाली. दोन्ही एकाच भिंतीवर राहिले पाहिजेत, नाहीतर वाऱ्याचा दाब दोघांवर वेगळा पडतो आणि प्रेशर स्विच नाहक सुटतो. दोन्ही तोंडांमधलं अंतर मॅन्युअलच्या आकृतीप्रमाणे. बऱ्याच मॉडेलांत एक्झॉस्ट इनटेकपासून उभा १२ इंच वर.

याची किंमत लांबीत मोजावी लागते. दोन इंची पाइपात प्रत्येक ९०चा एल्बो साधारण ५ फूट सरळ पाइपाइतका अडथळा धरतात, आकडा मॅन्युअलमध्ये बघा. दोन एल्बो म्हणजे १० फूट, वर उभा भाग वेगळा. आधीच लांब पाइप असेल तर मर्यादा ओलांडली जाते आणि मग सगळाच पाइप तीन इंची करावा लागतो. बाहेरचा उभा भाग गारठतो, म्हणून त्यावर बंद पेशींचं रबरी इन्सुलेशन, त्यावर उन्हापासून वाचवणारं आवरण, आणि भिंतीला क्लॅम्प. घरातल्या आडव्या भागाचा उतार फर्नेसकडे, दर फुटाला पाव इंच, म्हणजे पाणी आत परत येऊन ट्रॅपमधून निघून जातं. मध्ये कुठे पोट पडलं असेल तर तिथे पाणी साचतं. बाहेरच्या भिंतीजवळ ते गोठलं की बाहेर एक कणही बर्फ नसताना पाइप बंद.

कॅनडात पाइपावर एस६३६चा (धुराच्या प्लॅस्टिक पाइपांचं मानक) छाप हवा, आणि प्रायमर, सिमेंट त्याच कंपनीचं. एकाचा पाइप दुसऱ्याचा डिंक चालत नाही. ऑन्टारिओत हे काम टीएसएसएकडे (तिथली तांत्रिक सुरक्षा बघणारी संस्था) नोंदलेल्या कंत्राटदाराच्या गॅस टेक्निशियनचंच आहे, घरमालकाचं नाही. काम ऑक्टोबरात उरका. गोठणबिंदूखाली सिमेंट नीट धरायला फार वेळ घेतं, आणि तोवर फर्नेस बंद ठेवावी लागते.

टाउनहाऊस४

प्लाऊबद्दल. रस्त्याचा बर्फ दोन घरांच्या मधल्या पट्टीत ढकलतात आणि व्हेंट नेमके तिथेच असतात. तोंडी सांगून उपयोग होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाउनहाऊसच्या मंडळाला ईमेल: व्हेंटचा फोटो, घरक्रमांक, "या भिंतीपासून इतक्या फुटांत बर्फ टाकू नये". सोबत नारिंगी काठ्या. आठ-दहा घरांनी मिळून एकच पत्र दिलं तर कंत्राटदाराच्या नकाशावर ती जागा येते.

परदेशस्थ

डिसेंबरात लग्नासाठी तीन-चार आठवडे पुण्या-नागपूरला जाणाऱ्यांचं काय? घर बंद, व्हेंट बघायला कोणी नाही.

दक्ष

तेव्हा धोका सीओपेक्षा नळ फुटण्याचा. फर्नेस लॉकआउटमध्ये गेली की उणे २० ला घर किती वेळ तग धरेल हे इन्सुलेशनवर आहे, पण बाहेरच्या भिंतीतला नळ सगळ्यात आधी जातो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडून पाइप रिकामे करा. मात्र फायर स्प्रिंकलर किंवा गरम पाण्याच्या रेडिएटरचं हीटिंग असेल तर आधी विचारून. वायफाय थर्मोस्टॅटवर १० अंश सेल्सिअसचा इशारा लावा आणि तो भारतातल्या फोनवर येतोय ना ते निघायच्या आधी बघा. इशारा आला तरी फावडं मारणारं कोणी हवं, म्हणून किल्ली शेजाऱ्याकडे. त्यांना फर्नेसचा स्विच आणि बाहेरचे पाइप प्रत्यक्ष दाखवा. विम्याची पॉलिसीही वाचा: हिवाळ्यात घर रिकामं असताना ठरावीक दिवसांनी कोणी येऊन बघावं, नाहीतर पाणी बंद असावं, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते.

गोठणेकर

गॅस मीटरही त्याच फेरीत बघा. त्याच्या रेग्युलेटरला एक छोटं, खाली तोंड असलेलं छिद्र असतं. त्यावर बर्फ धरला तर दाबाचं नियंत्रण बिघडतं. मीटरवर छतातून पाणी गळून बर्फाचे सुळके झाले असतील तर लाथ-हातोडी नको. झाडूने निघेल तेवढं काढा, घट्ट बर्फासाठी गॅस कंपनीला फोन करा. एचआरव्हीची (घरातली हवा बदलताना उष्णता वाचवणारं यंत्र) हवा आत घेणारी जाळी दर महिन्याला ब्रशने झाडा. बारीक जाळीवर हिमकण पटकन धरतात.

थंडगार

जाळीवरून आठवलं, फर्नेसच्या पाइपांवर पक्षी-उंदरांसाठी जाळ्या मिळतात. ठेवायच्या की काढायच्या?

एल्बो_नव्वद

एक्झॉस्टवर बारीक जाळी अजिबात नको. ओल्या वाफेने ती उणे १५ ला एका रात्रीत बंद होते. इनटेकवर कंपनीने दिलेली अर्धा इंची मोठ्या छिद्रांची असेल तर चालते, बाजारातली डासांच्या जाळीसारखी नाही. मॅन्युअल सक्ती करत नसेल तर नोव्हेंबर ते मार्च काढून ठेवा. काढताना टॉर्च मारून आत बघून घ्या, उन्हाळ्यात गांधीलमाशा तिथे घर करतात.

एक्झॉस्टच्या खालच्या ओठावर बर्फाचा सुळका लोंबत असेल आणि तोंड तीन चतुर्थांश मोकळं असेल तर घाबरू नका, हातमोज्याने मोडा. तो रोज परत येत असेल, किंवा आत वळलेला दिसत असेल, तर उतार तपासायला टेक्निशियनला बोलवा.